कीर्ती आणि अधिकार यांतले अंतर

नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णींची ओळख आजही 1964 च्या मद्रास कसोटीतल्या सलग 21 निर्धाव षटकांपाशी थांबते. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीत होते आणि भारतीय संघाचे साहाय्यक व्यवस्थापकही झाले. खेळाडूच्या हाती व्यवस्थापन आल्यावर काय बदलते, हे समजून घेण्यासाठी कारकिर्दीचा हा उत्तरार्ध अधिक उपयोगी आहे.

फेब्रुवारी 1981 मध्ये मेलबर्नला पायचीतच्या निर्णयाने संतापलेले कर्णधार गावस्कर साथीदार चेतन चौहानांना घेऊन मैदान सोडू लागले, तेव्हा सीमारेषेपाशी व्यवस्थापक शाहिद दुराणी आणि साहाय्यक व्यवस्थापक नाडकर्णी उभे होते. चौहान परतले, सामना पुढे चालला, ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव 83 धावांत आटोपला आणि भारत 59 धावांनी जिंकला. सामना वाचला, कारण कर्णधाराच्या मर्जीवर न चालणारे एक पद तेथे अस्तित्वात होते.

पदापदांमधले हे वेगळेपण स्थानिक पातळीवर टिकवणे अवघड असते. नाशिकसारख्या शहरात माजी खेळाडूने अकादमी काढणे स्वागतार्हच आहे. मात्र तोच निवड समितीतही असेल, तर त्याच्या शिकवण्याइतकीच त्याची निवडीशी असलेली जवळीकही पालकांना मोलाची वाटू लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या वयोगटात पहिल्या पाच-सहा मुलांविषयी सहसा दुमत नसते; वाद उरतो तो संघातल्या शेवटच्या तीन-चार जागांचा. तिथे गुणांतला फरक अत्यल्प असल्यामुळे निर्णय मतावर ठरतो, आणि पुरावा जितका विरळ, तितका हितसंबंधाला वाव अधिक. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय ठरतो, म्हणून पक्षपात सिद्धही होत नाही. शुल्क न परवडणारा सुरगाणा-पेठकडचा मुलगा नेमका याच टप्प्यावर गळण्याची शक्यता सर्वाधिक असते.

लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट नियामक मंडळाच्या 2018 च्या घटनेत निवडकर्ता, प्रशिक्षक, अकादमीचालक अशी पदे एकाच वेळी एका व्यक्तीकडे असण्यास मज्जाव आला. हाच दंडक शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक खेळात कसोशीने पाळला गेला नाही, तर खेळाडूची कीर्ती हीच त्याच्या निष्पक्षतेची हमी मानली जाईल. प्रशिक्षकाचा विक्रम विचारण्याआधी निवड कोण करतो, हे पालकांनी विचारले पाहिजे.