सुट्टीची सुरुवात गच्चीवरून

शेवटचा पेपर झाला की दोन दिवसांत घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता मुलांचे करायचे काय? ज्यांना परवडते ते उन्हाळी शिबिराचे शुल्क भरतात; ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांच्या हाती मोबाइल येतो. अनेक घरांत तर दोन्ही होते. याहून वेगळे उत्तर आहे आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत. लागतो तो मोठ्या माणसांचा थोडा वेळ, तोही घराबाहेर.

घराबाहेरच का, याला वैद्यकीय कारण आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतील पहिलीच्या मुलांची तीन वर्षे पाहणी झाली. निम्म्या शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटे जादा मोकळ्यावर नेले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. बाहेरच्या भरपूर प्रकाशामुळे बुबुळामागचा डोळा गरजेपेक्षा लांबट होण्याला आळा बसतो, असे संशोधक मानतात. त्यासाठी रणरणत्या उन्हात उभे राहायला नको. सकाळी झाडाच्या सावलीतही दिवाणखान्यापेक्षा कितीतरी अधिक उजेड असतो.

मग या वेळात करायचे काय? आजीने कुरडया, सांडगे घातले असतील तर पाखरे हाकण्याचे काम मुलांकडे द्यावे. सकाळी ओल्या असलेल्या कुरडईचे आणि कडकडीत वाळलेल्या कुरडईचे वजन करून पाहिले, की पाणी किती उडाले ते कळते. सारख्या मापाच्या दोन बाटल्या पाण्याने भराव्यात. एकीला ओले फडके गुंडाळून दोन्ही वाऱ्याला ठेवाव्यात. तासाभराने हात लावला की माठाचे गुपित उलगडते : पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हाच प्रयोग नागपूरच्या मावसभावाला करायला सांगावा. तिथल्या कोरड्या हवेत बाटली मुंबईपेक्षा जास्त गार का होते, यावर फोनवर छान वाद रंगेल.

मे महिन्याची खरी गंमत मात्र सावलीची आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. कोल्हापुरात हे मेच्या पहिल्या आठवड्यात घडते, पुणे-मुंबईत महिन्याच्या मध्यास, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ पावसाळ्यात येते, तेव्हा ढग आडवे येतात. दिल्लीच्या मुलांच्या नशिबी हे दृश्य नाहीच. सुट्टी लागल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी मध्यान्हाला, म्हणजे मुंबईत साडेबाराच्या सुमारास, उभ्या बाटलीची सावली खडूने आखावी. ती आखूड होत जाताना पाहणे हाच खरा धडा आहे. टोपी घालून पाच मिनिटांत काम उरकावे, सूर्याकडे पाहू नये आणि आत येऊन पन्हे प्यावे. एरवी दुपारी १२ ते ३ मुलांनी घरातच असावे.

रात्री याच गच्चीवरून उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांच्या आधारे ध्रुव शोधावा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. मुंबईहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम दोन मुठी, म्हणजे १९ अंश भरतो. नकाशातला मुंबईचा अक्षांशही तोच!

अडचण एवढीच की, शहरातल्या बहुतेक गच्च्यांना कुलूप आहे आणि इमारतींची अंगणे मोटारींनी भरली आहेत. रोजंदारीवर जाणाऱ्या आई-वडिलांना वेळ काढणेही सोपे नाही. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या घरावर सोडता येणार नाही. कठडा भक्कम असेल तिथे गृहनिर्माण संस्थांनी सकाळ-संध्याकाळ तासभर गच्ची उघडावी; एक-दोन मोठ्यांनी पाळीपाळीने सगळ्यांच्या मुलांवर लक्ष ठेवावे. शिबिराला शुल्क पडते. कुलपाची किल्ली तर वॉचमनकडेच असते.