देशोदेशीचे हवापाणी : जिथे पावसाळा हिवाळ्यात येतो

मंडळी, परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक बर्फाची विलायत, नाहीतर वाळूचे आखात. भूमध्य समुद्राकाठचा इस्रायल या दोहोंतही बसत नाही. 1948 नंतर आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली पुष्कळ बेने इस्रायली कुटुंबे तिकडे गेली. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. 2023 च्या करारानंतर बांधकामाच्या आणि रुग्णसेवेच्या कामासाठीही भारतातून माणसे जाऊ लागली आहेत. तिथल्या लढाईची चौकशी ज्याने त्याने आधी करावीच. आज बोलायचे ते हवापाण्याबद्दल.

पहिली गोष्ट, ऋतूंची उलटापालट. आपल्याकडे मिरग निघतो तेव्हा तिथले आभाळ कोरडे ठणठणीत असते. जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाहीच. तो ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, डिसेंबर ते फेब्रुवारी जोर धरतो आणि एप्रिलात सरतो. उन्हाळ्यात वरची हवा खाली दाबत राहते, म्हणून समुद्रावरून वारा आला तरी ढग उंच चढत नाहीत. हिवाळ्यात हा दाब दक्षिणेला सरकतो आणि पश्चिमेकडून पाऊस येतो. त्यामुळे तिथे पावसावर पिकतो तो गहू, म्हणजे आपली रब्बीच! उन्हाळी पिकाला पाणी द्यावेच लागते. 1965 साली हत्झेरिमच्या सामुदायिक वस्तीत ठिबकचा कारखाना निघाला, तो उगीच नव्हे.

पाऊस तरी किती? तेल अवीवला वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर, बीरशेबाला सुमारे 200. एवढा तर कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशीही कोसळतो. दक्षिण टोकाच्या एलातला वर्षाचे 30 मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट, ऊन. ऑगस्टात तेल अवीवचा पारा 30 अंशांच्या आसपास असतो, पण हवा मुंबईसारखी चिकट. एलातला 40 अंश नेहमीचेच. वसंतात वाळवंटाकडून शराव नावाचा कोरडा, धुळकट वारा सुटतो आणि एका दिवसात पारा भराभर चढतो. घाम जागच्या जागी सुकतो, त्यामुळे तहान कळत नाही. उघड्यावर काम करणाऱ्याने डोके झाकावे, तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

तिसरी गोष्ट, थंडी. इथेच आपली माणसे फसतात. जेरुसलेम डोंगरावर आहे. जानेवारीच्या रात्री तिथे पारा 6 अंशांवर येतो, एखाद्या वर्षी बर्फही पडते. 2013 च्या डिसेंबरात तर रस्ते बंद झाले होते. घरात फरशी गार आणि बाहेर थंड पाऊस, मग नुसत्या सुती कपड्यांवर कसे भागेल? 1980 साली नव्या घरांवर उन्हाचे बंब बसवण्याचा कायदा झाला, पण ढगाळ दिवसांत पाणी विजेवरच तापवावे लागते.

तेव्हा जाणाऱ्याने आधी गाव विचारावे, मग महिना विचारावा आणि मगच सामान बांधावे. एलातला जायचे तर टोपी आधी, जेरुसलेमला जायचे तर स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी आधी.