आग्वादच्या तोफांचं तोंड

ग्वाल्हेरहून आतेभाऊ आला होता. लष्कर भागात, माधवगंजला त्यांचं तीन पिढ्यांचं घर. 'किल्ला' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मानमंदिराची निळी नक्षी. आग्वादच्या माथ्यावर उभा राहून त्याने चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, महाल कुठं आहे?"

महाल नाहीच! १६१२ साली पुरा झालेला हा कोट डच गलबतांना मांडवीच्या मुखातून आत येऊ न देण्यासाठी बांधला. माथ्यावर खंदक, मधोमध सुमारे २४ लाख गॅलनांची टाकी. 'आग्वाद' हे नावच पाणी भरून घेण्याच्या जागेवरून पडलेलं. पण जहाजांना खरा धाक होता तो खाली सिकेरीच्या किनाऱ्यावरच्या बुरुजाचा. उंचावरून मारलेला गोळा नेम जरा चुकला की सरळ पाण्यात बुडतो. पाण्यालगत मारलेला गोळा लाटांवरून उड्या घेत जाऊन जहाजाच्या कुशीत शिरतो. आग्वादहून सुटलात तर पुढे रेइश मागुश, समोर काबो आणि गास्पार दियश. १६३६ नंतर डचांनी वर्षानुवर्षं नदीचं तोंड अडवून धरलं, पण गोवा त्यांच्या हाती लागला नाही. १७३९ साली मराठ्यांनी बार्देश घेतला तेव्हाही हे दोन कोट, आग्वाद आणि रेइश मागुश, तेवढे राहिले.

इथवरची गोष्ट आपण पर्यटकांना ऐटीत सांगतो. 'कधीही न जिंकलेला किल्ला' म्हणे! कुणाची ही ऐट? मला तर ती उसनी वाटते.

कारण पुढे याच कोटाचा तुरुंग झाला. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांना इथे डांबलं, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांनाही. तोफांची तोंडं समुद्राकडे, आणि सत्ताधाऱ्यांना भय मात्र पाठीमागच्या गावांतल्या माणसांचं! डिसेंबर १९६१ मध्ये इथल्या राजकैद्यांना सोडवायला जमिनीवरून आलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल आग्वादलाच पडले. किती गोवेकरांना ही दोन नावं ठाऊक आहेत? आमच्या कचेरीत सहज विचारलं, सहाजणांपैकी एकाला.

मुक्तीनंतरही २०१५ पर्यंत इथे तुरुंगच होता. १९ डिसेंबर २०२१ रोजी त्याचं संग्रहालय झालं, हे उत्तम झालं. पण माथ्यावर येणारा माणूस दीपगृहापुढे फोटो काढतो आणि परततो. तो बुरुज कशाला, टाकी कशाला, खाली कोण होतं, हे त्याला एका फेरीत सलग कळायला हवं. वर पोर्तुगीजांचं शौर्य आणि खाली आपले कैदी, अशी वाटणी कशाला?

आतेभावाला खाली नेलं. कोठड्या पाहून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याही गडावर मुघलांनी कैदीच ठेवले होते. पण आम्ही पाहुण्यांना महालच दाखवतो."