गिरणगावात टॉवर आले, मोकळी जागा कुठे गेली?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचा फ्लॅट आला, आणि पत्ता वरळीचाच राहिला. शहर बाहेर पसरवण्याऐवजी आतल्याच जुन्या किंवा पडीक जागा पुन्हा बांधून काढायच्या, याला नगररचनेत 'इन्फिल' म्हणतात. पाणी, गटारं, रेल्वे तिथे आधीच असते, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी आहे.

पण अगदी शेजारीच, लोअर परळला, हा प्रयोग याआधी झालाय. तो कसा फसला?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन विकासाची वाट पाहत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता: जमिनीचे साधारण तीन वाटे करा. एक महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात मोकळं असतं तरी किती? बहुतेक जागेवर शेडच. सार्वजनिक वाटा आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने या अर्थाविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुंबईचा नकाशा एका व्याख्येने बदलला, असं म्हणायला हरकत नाही.

मग मॉल आले, काचेची ऑफिसं आली. गिरणीच्या काळात बहुतेक कामगार आसपासच्या चाळींतून चालत कामावर यायचे, त्यामुळे स्टेशनांवर तेवढा भार नव्हता. नव्या ऑफिसांतला माणूस लोकलने येतो. इमारती वाढल्या, जिने मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर भर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला.

बीडीडी प्रकल्पाची जमेची बाजू म्हणजे राहणारा माणूस जागेवरच राहतोय. पण त्याचा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून निघणार, म्हणजे त्याच रस्त्यांवर आणखी हजारो माणसं आणि गाड्या. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग असेल तर वाढीव एफएसआयबरोबर रस्ता किती फूट रुंद होणार, हेही विचारा. हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही.

आणि ज्यांच्या घामावर गिरणगाव उभं राहिलं, त्या गिरणी कामगारांचं काय? त्यातल्या अनेकांना शेलू आणि वांगणीत घरं देण्याची योजना निघाली. कर्जतच्या वाटेवर, परळपासून लोकलने दीड-दोन तास. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला असून मुंबईतच घर हवं, ही मागणी त्यांनी सोडलेली नाही.