वहिनी, तो अजून आरोपीच आहे!

गेल्या वसुबारसेची गोष्ट. मी सकाळचा चहा घेत बसलो होतो, तोच शेजारच्या वहिनी वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन आल्या. चेहरा पार उतरलेला.

"भावजी, मुलीचं लग्न मोडावं म्हणतो आम्ही."

तुळशीच्या लग्नानंतरची तिथी ठरलेली, मंगल कार्यालयाला विसार दिलेला! मी बातमी पाहिली. होणाऱ्या जावयाच्या धाकट्या भावाचे नाव होते आणि वर मथळा : 'दरोड्यातील गुन्हेगारास कोठडी'.

४० वर्षे नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) कोर्टात फौजदारी वकिली केली. तरी असा मथळा दिसला की माझा चहा निवतो. आत बातमी काय, तर दोघा तरुणांनी दुकानातून मोबाइल उचलला.

"वहिनी, दरोड्याला निदान ५ माणसे लागतात," मी म्हटले. "पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा करू पाहिली, तर दरोडा. चौघांनी मारहाण करून लुटले, तरी ती जबरी चोरीच. धाकदपटशा न करता, मालकाच्या संमतीवाचून वस्तू लांबवली, तर नुसती चोरी."

१ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले; चोरीचे ३७९ होते ते ३०३ झाले, आणि माझे सारे पाठांतर पाण्यात गेले. हे अर्थ मात्र तसेच राहिले. एक सवलत नवी आहे : ५,००० रुपयांच्या आतली वस्तू, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा.

"ते असू द्या. गुन्हेगार तर आहे ना? कोठडीत घातलंय!"

खरी गाठ इथेच होती. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. पोलीस तपास करून दोषारोपपत्र देतात, साक्षीपुरावे होतात आणि कोर्टाने दोषी ठरवले, म्हणजे मग गुन्हेगार. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात दिले तर पोलीस कोठडी. सर्वसाधारण गुन्ह्यांत ती एकूण १५ दिवसांवर जात नाही. तुरुंगात पाठवले तर न्यायालयीन कोठडी, आणि तिथला माणूस कच्चा कैदी. यांतली कोणतीही कोठडी ही शिक्षा नव्हे.

वहिनींची समजूत पटेना. तेव्हा मी आपल्या भुईकोट किल्ल्याकडे बोट केले. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना तिथे आणून ठेवले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिले. ना दोषारोप, ना खटला. ते आरोपीदेखील नव्हते, स्थानबद्ध होते. कुलपाआड काढलेल्या त्या वर्षांमुळे त्यांना गुन्हेगार म्हणायचे काय?

"नेहरूंनी मोबाइल नव्हता हो उचलला," वहिनी म्हणाल्या. यावर मला काही सुचले नाही, हे कबूल करतो.

मग मी एवढेच सांगितले, की त्यांच्याकडून एफआयआरची प्रत मागवा. ३०३ असेल तर चोरी, ३०९ जबरी चोरी, ३१० दरोडा. प्रत आली, ३०३ च निघाले. भाऊबीजेच्या सुमारास पोराला जामीन झाला. "म्हणजे सुटला?" वहिनींनी विचारले. नाही, बोलावतील तेव्हा हजर राहीन, या हमीवर तो घरी आला. लग्न ठरल्या दिवशी लागले.

खटला अजून उभा राहायचा आहे. लग्नाच्या पंक्तीत जिलबी वाढायला तोच पोरगा फिरत होता. वहिनींनी त्याच्या हातची घेतली की नाही, ते मी मुद्दामच पाहिले नाही.