वणव्यात विमान काय करते?

ऑस्ट्रेलियात वणवा पेटला की लाल फवारा सोडणारे विमान बातम्यांत हमखास दिसते. पण हा फवारा सहसा थेट ज्वाळांवर मारत नाहीत. पाण्यात खतासारखे क्षार मिसळून तो आगीच्या वाटेवरील झाडाझुडपांवर टाकला जातो. त्याने आग विझत नाही, मंदावते. तेवढ्या अवधीत जमिनीवरील जवानांनी तिला आवर घालायचा असतो. म्हणूनच आग लहान असताना विमान सर्वांत उपयोगी ठरते.

सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र फवारा विखुरतो, धुरात लक्ष्य दिसत नाही आणि खालून उडणे जिवावर बेतते. २३ जानेवारी २०२० रोजी न्यू साउथ वेल्समध्ये सी-१३० विमान कोसळून तीन अमेरिकी कर्मचारी मृत्युमुखी पडले.

मोठी विमाने बहुतांशी उत्तर अमेरिकेतून हंगामापुरती भाड्याने येतात. आता दोन्हीकडचे वणव्याचे हंगाम लांबून एकमेकांत मिसळू लागले आहेत. त्यामुळे देशाचा स्वतःचा ताफा असावा, अशी शिफारस २०२० मध्ये तेथील चौकशी आयोगाने केली. ती रास्तच आहे. पण जमिनीवर पुरेसे जवान नसतील, तर विमानाने मिळवलेला वेळ वायाच जाईल.