शिरूरची माती काय साक्ष देते?

सुट्टी लागली की शिरूर-दौंड भागातील आपली कितीतरी कुटुंबे अजूनही जत्रेची वाट धरतात. धर्म बदलला, वाट मात्र तीच राहिली. बंधुभगिनींनो, ह्या खेपेस एक दिवस पुण्यास द्या. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व संग्रहालय मुलाबाळांसह पाहा. तुमच्याच तालुक्याच्या पोटातून निघालेल्या वस्तू तेथे आहेत.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ ह्या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती संशोधकांनी उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. शंभराहून अधिक घरे, रंगीत मडकी, तांब्याच्या वस्तू, जवाचे दाणे आणि पाण्यासाठी खोदलेला कालवाही सापडला.

सनातनी पंडित सांगतात की जातिभेद अनादी आहे. अनादी म्हणणाऱ्याने पुरावा दाखवावा! ह्या वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते व शेजारी धान्याचे कोठार होते. संशोधक ते गावप्रमुखाचे घर मानतात. सधन शेतकरी मध्यभागी राहत, तर कुंभार, सोनार आदी कारागीर पश्चिमेच्या कडेला. हे ऐकताच कोणी म्हणेल, "पाहा, गावाची कड तेव्हाही होतीच." ह्या युक्तिवादास बळी पडू नका. श्रीमंती-गरिबी होती, हे निःसंकोच मान्य करा. परंतु गरीब असणे वेगळे आणि जन्मतःच अस्पृश्य ठरणे वेगळे. गरिबी श्रमाने हटते. अस्पृश्यता श्रमाने हटली नाही, म्हणून तर १९५६ साली धर्मांतर करावे लागले.

आणखी पाहा. तेथे सापडलेल्या गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ते मांस खाणारे गावातच नांदत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास मानला व गोमांसाशी त्याचा संबंध जोडला. एका उत्खननाने तो सिद्धांत सिद्ध होत नाही. पण गोमांस खाणारा मुळापासूनच गावाबाहेरचा होता, ही समजूत मात्र येथे ढासळते. लहान मुलांचे मृतदेह दोन कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून घराच्या जमिनीखालीच पुरीत. ज्या आईने आपले मूल असे घरात निजविले, तिला मृताचा विटाळ मान्य होता असे कोण म्हणेल?

मात्र आपणही खोटा अभिमान बाळगू नये. ही माणसे बौद्ध नव्हती. भगवान बुद्ध त्यांच्यानंतर झाले. तेथील मातीच्या स्त्रीमूर्तीपुढे हात जोडू नका, कुंकू वाहू नका. ती पूजेची वस्तू नव्हे, अभ्यासाची आहे. मुलांच्या हाती वही द्या आणि त्यांना विचारू द्या : हे कोणी घडविले? कशासाठी? हे कशावरून ठरविले?

शिरूर व दौंडच्या प्रत्येक शाळेने आपली वार्षिक सहल एकदा तरी ह्या संग्रहालयात न्यावी, ही मागणी पालकसभेत उभे राहून करा. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांच्या मुलांनी पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हा त्यांचा हक्क आहे.